एका टपासाठी दोन गाड्या

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. मामूंनी तिकडे नोकरीत असताना हौसेने घेतलेली १९७१ ची एमजीबी रोडस्टर आता त्याच्या ताब्यात आहे. मामू गेले, गाडी राहिली. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "एक मोडकी एमजीबी जीटी स्वस्तात मिळतेय. तिचा टप कापून आपल्या गाडीवर वेल्ड करून टाकतो. अम्मीला थंडी सोसत नाही, कापडी हुडातून वारा येतो, पाऊस येतो. एकदा टप बसला की झंझट संपली." मी म्हटलं, "करू नकोस." तो म्हणाला, "गाडी माझी, पैसा माझा, तू कोण?" फोन जवळजवळ भांडणावरच संपला.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. असे करणारा तो एकटा नाही. जुन्या उघड्या गाडीवर कायमचा पोलादी टप चढवण्याची ऊर्मी दर काही वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतेच. तिच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकायला फार शहाणपणाचे वाटते, म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. धडधाकट रोडस्टरवर पोलादी टप वेल्ड करणे चूक आहे. टप हवाच असेल तर बोल्टने बसणारा घ्या. बंद गाडी हवी असेल तर बंद गाडीच घ्या.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी १९६२ साली आली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती बनायची. १,७९८ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन, दोन माणसांची जागा, वर कापडी हुड. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये तिचीच बंद आवृत्ती आली, एमजीबी जीटी. तिचा टप इटलीच्या पिनिनफरिनाच्या हातचा. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबले, तोवर दोन्ही मिळून पाच लाखांवर गाड्या बनल्या होत्या. त्यांतल्या साधारण सव्वा लाख जीटी, बाकीच्या उघड्या.

म्हणजे माझ्या भावाला जी गाडी 'बनवायची' आहे ती कारखान्याने सव्वा लाख वेळा बनवून ठेवलेली आहे. १९७४ नंतर जीटी अमेरिकेला पाठवणेही बंद झाले, त्यामुळे पुढच्या जीटी बऱ्याच प्रमाणात ब्रिटनमध्येच राहिल्या. शिवाय उघड्या गाडीला मागणी जास्त, म्हणून तिथल्या बाजारात जीटी बहुधा रोडस्टरपेक्षा स्वस्त मिळते. महागडी गाडी घ्यायची, तिच्यावर महिनोन् महिने पत्रेकाम करायचे आणि शेवटी हातात काय, तर स्वस्त गाडीची नक्कल. हा हिशोब आपल्याकडच्या कुठल्याही भाजीवालीला सांगितला तर ती हसेल.

पण पैशाचा हिशोब ज्याचा त्याचा. मला खटकते ते वेगळेच. तो टप आकाशातून पडत नाही. तो दुसऱ्या गाडीच्या डोक्यावरून कापून आणावा लागतो. रोडस्टरच्या पुढच्या काचेची चौकट ॲल्युमिनियमची आणि बोल्टने बसवलेली असते. जीटीची काच जास्त उंच, आणि तिचे खांब हा पोलादी बॉडीचाच भाग. म्हणून नुसता वरचा पत्रा आणून भागत नाही. पुढचे खांब हवेत, मागची बाजू हवी, मागचे उचलायचे दार हवे, दारांच्या काचा बदलायला हव्यात. एवढे सगळे कापून नेल्यावर त्या जीटीचे जे उरते ते भंगारवाल्याचे. जीटींच्या नशिबी हे नवीन नाही. रोडस्टर दुरुस्त करण्यासाठी सुटे भाग काढून घ्यायचे आणि सांगाडा फेकून द्यायचा, असे कित्येक जीटींचे झाले आहे. आता टपासाठीही त्यांचाच बळी. शेवटी एक रोडस्टर रोडस्टर राहिली नाही आणि एक जीटी मुळीच राहिली नाही. एका टपासाठी दोन गाड्या गेल्या.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो. ते पोकळ नाहीत, म्हणूनच घेतो.

पहिला मुद्दा इतिहासाचा. "उघड्या गाड्यांवर टप चढवण्याची परंपराच आहे" असे सांगितले जाते. खरे आहे. होव्ह गावची हॅरिंग्टन ही बसच्या बॉड्या बांधणारी जुनी कंपनी. तिने सनबीम अल्पाइनवर फायबरग्लासचा उतरता टप बसवला, आणि १९६१ साली तशाच एका हॅरिंग्टन अल्पाइनने ल मॉंच्या शर्यतीत इंधनाच्या काटकसरीचे बक्षीस मिळवले. ट्रायम्फ टीआर४ वर अशीच मोजकी कामे झाली. ब्रसेल्सच्या जाक कून याने १९६४ च्या सुमारास, कारखान्याची जीटी येण्याआधीच, एमजीबीच्या पन्नासच्या आसपास बंद गाड्या तयार केल्या. आज त्या गाड्यांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे.

पण ही उदाहरणे नीट पाहा. या लोकांनी नव्या गाड्या घेतल्या. जी गोष्ट बाजारात मिळत नव्हती ती त्यांनी तयार केली. अल्पाइनची बंद आवृत्ती तेव्हा कारखाना देत नव्हता, एमजीबीचीही देत नव्हता. त्यांनी टपासाठी दुसरी गाडी मारली नाही. आणि ते त्या धंद्यातले मुरलेले कारागीर होते. कारखान्यात रोज नव्या गाड्या बनत असताना त्यांतली एक घेऊन वेगळे काही करणे, आणि पन्नास वर्षे जुनी, धड वाचलेली गाडी घेऊन तीवर ग्राइंडर चालवणे, या दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही. कूनचे नाव घेऊन आज जीटीचा टप कापणारा माणूस जे बाजारात उभेच आहे ते मोडून पुन्हा तेच बनवतो.

दुसरा मुद्दा मजबुतीचा. "उघडी गाडी लवचिक असते, खड्ड्यात दारे थरथरतात, टप बसवला की सांगाडा ताठ होतो." हा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. जीटीचा सांगाडा रोडस्टरपेक्षा ताठ असतो, यात शंका नाही. पण तो ताठ असतो कारण खांब, टप, मागची बाजू आणि तळ हे सगळे एकत्र आखलेले आहे. कारखान्याने टप बसवला तेव्हा गाडीचे वजन शंभरेक किलोने वाढले, आणि त्या हिशोबाने मागच्या स्प्रिंगाही कडक दिल्या. घरच्या गॅरेजात टप वेल्ड करणारे किती जण स्प्रिंगांचा विचार करतात?

त्याहून मोठी गोष्ट तळाची. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. रोडस्टरला टप नाही म्हणून तिचा जवळजवळ सगळा भार दारांखालच्या सिलवर येतो. हे सिल म्हणजे आतून-बाहेरून पत्रे जोडून केलेली लांब पेटी, आणि याच पेटीत पाणी साचून आतून गंज धरतो. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा भुगा. ज्याला गाडी हलते, दारे घासतात, असे जाणवते त्याच्या गाडीचा आजार बहुतेक वेळा इथे असतो. सिल कापून नवे बसवणे हा त्यावरचा इलाज. ते करतानाही दारांच्या चौकटीत आधाराचे बार आधी लावावे लागतात, नाहीतर गाडी मधून बसते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. हा इलाज सोडून वर टप चढवणे म्हणजे पाया खचलेल्या घरावर स्लॅब टाकणे. थोडे दिवस भिंती सरळ दिसतात, एवढेच.

याउलट उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. मद्रासला १९६१ पासून बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आठवते? मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एके काळी ती सर्रास दिसायची. तिची मूळ बहीण इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. या गाडीला वेगळी चासी होती आणि तिचा टप बोल्टने बसवलेला असे. काढला तरी चासी जागेवरच. त्याच चासीची लांबी कमी करून १९६२ ची स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार झाली. मिकेलॉटीने तिच्यावर उतरता टप काढला तेव्हा लक्षात आले की वाढलेले वजन छोट्या इंजिनाला झेपत नाही. म्हणून कारखान्याने आत दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घातले आणि १९६६ साली जीटी६ आली. तरीही मागच्या चाकांच्या रचनेवर टीका झालीच, आणि दोन वर्षांत ती बदलावी लागली. टप ही नुसती टोपी नव्हे, हे त्या कारखान्यालाही पैसे मोजून शिकावे लागले. सगळे इंजिनिअर हाताशी असून त्यांची ही गत. आपण शनिवार-रविवारी गॅरेजात काय साधणार?

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. "गाडी उलटली तर?" भीती रास्त आहे, तिची थट्टा मी करणार नाही. १९७० च्या दशकात याच भीतीने अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हवा होती. ब्रिटिश कारखान्यांनी धसका घेतला. ट्रायम्फची टीआर७ १९७५ साली आली ती फक्त बंद रूपात. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन उघडी गाडी' म्हणून विकली गेली. ती बंदी काही आली नाही. १९७९ मध्ये टीआर७ उघड्या रूपात आली आणि १९८० च्या दशकात अमेरिकन कंपन्याही उघड्या गाड्यांकडे परतल्या. भीतीपोटी झालेले निर्णय असेच असतात. भीती जाते, निर्णय उरतात. आणि खरोखर सुरक्षाच हवी असेल तर चांगला रोल बार बोल्टने बसवता येतो, चांगले पट्टे लावता येतात, ब्रेक आणि टायर नीट ठेवता येतात. कुणीतरी अंदाजाने वेल्ड केलेला टप गाडी उलटल्यावर किती भार घेईल, हे ते वेल्ड करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

चौथा मुद्दा, "गाडी माझी आहे." यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे.

हो, गाडी तुझी आहे. कागदावर तुझे नाव आहे. पण आपल्या घरांत लहानपणापासून एक शब्द ऐकत आलो आहोत, अमानत. हातात आलेली वस्तू आपली असते आणि तरीही आपल्याकडे सोपवलेली असते. तिचा वापर करायला आपण मोकळे, पण नासधूस करायला मोकळे नाही, कारण हिशोब द्यायचा आहे. जुन्या वस्तूंच्या बाबतीत ही गोष्ट डोळ्यांना दिसते. त्या गाडीचा एक मालक मामूंच्या आधी होऊन गेला, मग मामू, आता तू, उद्या आणखी कोणी. तू मधला आहेस. मधल्या माणसाने असे काही करू नये जे पुढच्याला परत फिरवता येणार नाही.

इथे मला जुन्या गाड्यांच्या कर्मठ मंडळींपासूनही फारकत घ्यायची आहे. एक नट बदलला तरी धर्म बुडाला असे ओरडणारे लोक असतात. मूळ रंग, मूळ रेडिओ, मूळ टायरची जात. या लोकांनी गाडीची मजार करून टाकली आहे. चादर चढवायची आणि लांबून हात जोडायचे. मला ते मान्य नाही. गाडी चालवण्यासाठी असते. इंजिनात नवे इग्निशन घाला, चांगले सीट घाला, हीटर सुधारा, पाच गिअरची पेटी बसवा. यातले बहुतेक सगळे उद्या काढून मूळचे परत लावता येते. माझा आक्षेप बदलाला नाहीच. आक्षेप आहे तो पाने फिरवून लागणाऱ्या बदलाच्या जागी ग्राइंडर वापरण्याला.

अमानतीच्या शेजारीच दुसरी गोष्ट येते, विक्रीतला प्रामाणिकपणा. पैगंबर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालतात आणि वर कोरडे, आत ओले धान्य निघते, तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. ओले वर का ठेवले नाहीस, एवढाच सवाल होता. वेल्ड केलेला टप, सांध्यांवर भरलेली लांबी आणि वरून दोन हात रंग. अशी गाडी पाच-सात वर्षांनी विकायला निघते तेव्हा ती काय म्हणून विकली जाते? चासी क्रमांक रोडस्टरचा, रूप जीटीचे. पहिला मालक कदाचित खरे सांगेल. दुसरा अर्धे सांगेल. तिसऱ्याला माहीतच नसेल. ढिगातले ओले धान्य असेच खाली-खाली सरकत जाते, आणि फसतो तो शेवटचा, बहुधा हौशी, पैसे साठवून आलेला माणूस.

कायद्याचेही पाहून घ्यावे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला असेल तर ती सूट मिळत नाही. आणि ज्या भागांतला बदल मोठा धरतात त्यांत बॉडीचा सांगाडाही येतो. नोंदणीसाठी कित्येक वर्षे गुणांची पद्धत होती. किमान आठ गुण हवेत, त्यांतले पाच न बदललेल्या सांगाड्याचे. सांगाडा कापला की मूळ नंबर धोक्यात. २०२५ मध्ये हे नियम बरेच सैल झाले, पण मोठा बदल केल्यावर तो कळवण्याची जबाबदारी मालकाचीच.

आपल्याकडे तर वाट आणखी अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ रूपापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा ठणकावून सांगितले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर दिला, पण अट हीच की गाडी मूळ रूपात असावी. मुंबईत किंवा कोल्हापुरात एखाद्याकडे अशी जुनी उघडी गाडी असेल आणि या लेखातला माझा भाऊ त्याला शहाणा वाटत असेल, तर त्याने गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी हे वाचून घ्यावे.

मग वेल्डिंग कधीच करू नये का? करावे, एका परिस्थितीत. सांगाडा इतका सडला आहे की तो पुन्हा रोडस्टर म्हणून उभा राहू शकत नाही, आणि दुसरीकडे अशी जीटी आहे जिचा तळ गेला आहे पण वरची बाजू शाबूत आहे. दोन मेलेल्यांतून एक जिवंत होत असेल तर मी टाळ्या वाजवीन. अट एकच, काय केले ते कागदावर लिहा, फोटो ठेवा, विकताना दाखवा. पण एमजीबीच्या बाबतीत ही वेळसुद्धा क्वचितच येते, कारण १९८८ पासून तिचे नवेकोरे सांगाडे जुन्याच साच्यांवर बनवून विकले जात आहेत. खूप कमी जुन्या गाड्यांना हे भाग्य लाभले आहे.

उरला मुमानींच्या थंडीचा प्रश्न. तो मला सगळ्यांत खरा वाटतो, कारण बाकी मुद्दे वादासाठी असतात, हा माणसासाठी आहे. त्यावर मी भावाला पुन्हा फोन करून इतकेच सांगितले. एमजीबीसाठी कारखान्याच्या काळापासून सुटे हार्डटॉप मिळतात. जुने वापरलेले शोध. रबर नवे घाल, हीटरचा वाल्व आणि पंखा साफ कर, दारांच्या काचांचे रबर बदल. दोघांनी मिळून तासाभरात टप बसतो. ऑक्टोबरमध्ये चढव, एप्रिलमध्ये उतरव. हिवाळ्यात अम्मीला घेऊन जा, तिला वारा लागणार नाही. आणि जूनमध्ये एक दिवस ऊन पडेल, तेव्हा तो टप गॅरेजात ठेव आणि तिला मामू न्यायचे तशी उघड्या गाडीतून घेऊन जा. वेल्ड केलास तर तो दिवस तुला पुन्हा मिळणार नाही, आणि तिलाही नाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हार्डटॉपची किंमत बघतो." जीटीवाल्याला त्याने अजून नाही म्हटलेले नाही. मी दर जुम्याला फोन करून विचारणार आहे.